दहा हजार फ्रँकांची पंगत

डेन्मार्कचा पश्चिम किनारा म्हणजे जटलंडच्या द्वीपकल्पाने उत्तर समुद्राच्या वाऱ्याकडे फिरवलेली पाठ होय. वाळूच्या टेकड्या, खुरटे गवत, दरवर्षी थोडथोडे ढासळणारे मातीचे कडे, आणि जिथे कोळ्याने पहाटे होडी लाटांत लोटायची व दैव अनुकूल असल्यास संध्याकाळी ती पुन्हा वाळूवर ओढून घ्यायची असा मैलोगणती उघडा पसरलेला सपाट किनारा, हे त्याचे रूप. एस्बियर्गचे मोठे बंदर बांधण्याचा कायदाच मुळी १८६८ साली झाला. या किनाऱ्यावर गाब्रिएल आक्सेल या दिग्दर्शकाने एक करड्या रंगाचे खेडे उभारून १९८७ साली 'बाबेतची मेजवानी' हा चित्रपट काढला, आणि पुढल्या वर्षी परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक प्रथमच डेन्मार्कच्या पदरी पडले.

कथानक चार ओळींत सांगून होण्यासारखे आहे. एका दिवंगत धर्मोपदेशकाच्या दोन अविवाहित मुली, लूथरच्या नावावरून मार्टीन आणि त्याचा सहकारी मेलांक्टन याच्या नावावरून फिलिपा, वडिलांच्या मागे उरलेल्या व दिवसेंदिवस म्हाताऱ्या आणि कुरकुऱ्या होत चाललेल्या शिष्यमंडळाचा सांभाळ करीत आयुष्य कंठीत असतात. १८७१ साली पॅरिसच्या कत्तलीतून जीव वाचवून आलेली बाबेत नावाची फ्रेंच स्त्री त्यांच्या दारी येते आणि बिनपगारी स्वयंपाकीण म्हणून राहते. चौदा वर्षांनंतर तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात, आणि उपदेशकाच्या जन्मशताब्दीनिमित्त बारा माणसांच्या एका जेवणावर ती ते सगळेच्या सगळे खर्चून टाकते. हा चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक बहुधा एक सोपा निवाडा घेऊन उठतो: व्रतस्थ मंडळी ती कोरडी व कृपण, आणि मेजवानी घालणारी ती उदार. या पंगतीच्या दोन्ही बाजूंना जो इतिहास बसला आहे त्याचे दप्तर उघडून पाहिले तर हा निवाडा फारसा टिकत नाही, असे मला वाटते.

प्रथम त्या बहिणींच्या स्वयंपाकघरात जाऊ. बाबेत आली तेव्हा त्यांनी तिला शिकवलेले पदार्थ दोन. एक, समुद्रवाऱ्यावर वाळवून लाकडासारखी कडक झालेली चपटी मासळी, जी आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायची आणि नुसती उकडायची. दुसरा, 'ओलेब्रोड'. राय नावाच्या काळपट धान्याच्या पावाचे शिळे तुकडे पाण्यात व हलक्या बियरमध्ये भिजत घालावेत, मंद आचेवर ढवळीत ढवळीत त्यांची तपकिरी, दाट, आंबूस पेज करावी, आणि ती निवण्यापूर्वी वाडग्यांत वाढावी, ही त्याची कृती. दोरीवर टांगून वाळवलेल्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या आपल्या कोकणातल्या कोळीवाड्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे की ही पेज त्या बहिणी एकट्या खात नसत. झाकणाच्या भांड्यांतून ती गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या व निराधार म्हाताऱ्यांच्या घरी रोज पोचवली जाई. स्वतःच्या ताटातले कमी करून दुसऱ्याच्या वाडग्यात घालणे हाच त्यांच्या व्रताचा व्यावहारिक अर्थ होता. बाबेत हाताशी आल्यावर त्याच पैशांत पेज चवदार झाली आणि वर शिल्लकही पडू लागली, हा भाग आक्सेलने फार मार्मिक रीतीने दाखवला आहे.

हे व्रत या देशात आले त्याला राजाश्रय होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हाल्ले वगैरे ठिकाणी उदयास आलेला भक्तिपर पंथ, ज्यात चर्चच्या कर्मकांडापेक्षा अंतःकरणाच्या परिवर्तनाला आणि ऐहिक सुखांच्या त्यागाला महत्त्व होते, तो डेन्मार्कच्या राजघराण्याला मानवला. सहावा क्रिस्तियान (राजवट १७३० ते १७४६) याच्या अमदानीत तर त्याने सरकारी स्वरूपच धारण केले. १७३५ च्या फर्मानान्वये रविवारी प्रार्थनेला हजर राहणे बंधनकारक झाले आणि गैरहजर राहणाऱ्याकडून दंड वसूल होऊ लागला, त्या दिवशीची करमणूक बंद झाली, आणि राजधानीतल्या नाट्यगृहांची कुलुपे तो राजा मरेपर्यंत निघाली नाहीत. तथापि भक्तीचा हा उमाळा सरकारला आपल्या हुकमतीतच हवा होता. १७४१ साली दुसरे फर्मान निघाले की अधिकृत धर्मगुरूच्या देखरेखीवाचून सामान्य जनांनी प्रार्थनेसाठी एकत्र जमू नये. याच कायद्याखाली नॉर्वेतील हान्स नील्सेन हाउगे हा शेतकरी प्रवचनकार १८०४ साली पकडला गेला आणि त्याच्या उमेदीची कितीतरी वर्षे तुरुंगात गेली. डेन्मार्कमध्ये हे बंधन १८४९ च्या राज्यघटनेने गेले.

या पंथाचे आपल्याशी नाते अगदीच नाही असे नाही. तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार येथे १७०६ साली उतरलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे हाल्लेच्या तालमीतले दोन तरुण डेन्मार्कच्याच राजाने पाठवलेले होते. पुढे बंगालमधील श्रीरामपूर, ज्याला डॅनिश दप्तरी फ्रेडरिक्सनगर म्हणत, तेथे डॅनिश अंमलाच्या आश्रयाने इंग्रज बाप्टिस्टांचा छापखाना चालला आणि विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, डॅनिश गव्हर्नरने त्यांना थारा दिला. त्या थाऱ्याचा थोडा उपयोग मराठीलाही झाला.

जटलंडच्या किनाऱ्यावर मात्र खरा जोर चढला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रियापुढे पराभूत होऊन डेन्मार्कने श्लेस्विग व होल्श्टाइन हे प्रांत गमावले आणि राज्याचा सुमारे दोन पंचमांश मुलूख हातचा गेला. या अपमानातून सावरताना देशात दोन प्रवाह निर्माण झाले. एक ग्रुंटविग या कवी-धर्मगुरूचा, ज्याच्या अनुयायांनी लोकशाळा काढल्या, गाणी गायिली आणि जीवनातील आनंद हा ईश्वराचाच प्रसाद मानला. दुसरा 'इंद्रे मिशन' या संघटनेचा. १८५३ साली स्थापन झालेल्या आणि पुढे व्हिल्हेल्म बेक याच्या नेतृत्वाखाली फोफावलेल्या या चळवळीने पत्ते, नाच, नाटक, मद्य या सर्वांवर बहिष्कार पुकारला, आणि ती विशेषेकरून रुजली ती ज्यांचे मरण रोज डोळ्यांसमोर असे त्या कोळ्यांत. हारबोर गावचे २६ कोळी १८९३ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाले. त्यांच्या दफनप्रसंगी कार्ल मो या इंद्रे मिशनच्या धर्मगुरूने शोकाकुल विधवांसमोर सांत्वनाऐवजी पश्चात्तापाचे आणि नरकाचे असे कठोर प्रवचन केले की देशभर गदारोळ उडाला. गावाने मात्र आपल्या धर्मगुरूची बाजू सोडली नाही. बाहेरच्याला जे क्रौर्य दिसले ते त्या माणसांना आधार वाटत असेल, हे समजून घेतल्याखेरीज त्या किनाऱ्याचा इतिहास लिहिता येणार नाही. हान्स कर्क या लेखकाने १९२८ च्या 'कोळी' या कादंबरीत तो समजून घेतला, आणि तोही स्वतः साम्यवादी असताना.

चित्रपटातील मंडळ हे इंद्रे मिशनचे नव्हे. ते एका उपदेशकाने काढलेले छोटे, सौम्य मंडळ आहे आणि त्याचा रोख नरकापेक्षा स्वर्गाकडे अधिक आहे. पण हवा तीच. गंमत अशी की ज्या दशकात बाबेत वाळली मासळी उकडीत होती त्याच दशकात, १८८२ साली, पश्चिम जटलंडमधल्या हियेदिंग या गावी शेतकऱ्यांनी देशातली पहिली सहकारी दुग्धशाळा काढली, आणि थोड्याच वर्षांत डेन्मार्कचे लोणी जहाजे भरभरून इंग्लंडात जाऊ लागले. ज्या मुलखाने सगळ्या इंग्लंडच्या पावाला लोणी लावले तोच मुलूख आपल्या पडद्यावरच्या दारिद्र्याने जगाला ठाऊक झाला.

आता पंगतीची दुसरी बाजू. पॅरिसच्या बूलेव्हार देझ इतालियाँ या रस्त्यावरचे 'कॅफे आंग्ले' हे उपाहारगृह १८०२ साली, आमियाँच्या तहाने इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध घडीभर थांबले तेव्हा निघाले, म्हणून त्याचे हे नाव. राज्यक्रांतीने सरदारांचे वाडे ओस पडले आणि त्यांच्या मुदपाकखान्यांतले आचारी रस्त्यावर येऊन दुकाने थाटू लागले, त्या परंपरेचे हे सर्वांत मोठे शिखर. तेथला मुख्य आचारी आदोल्फ द्युग्लेरे हा कारेम या नामांकित आचाऱ्याच्या हाताखाली शिकलेला आणि रॉथशिल्डच्या घरी नोकरी केलेला गृहस्थ. ७ जून १८६७ रोजी, जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने पॅरिसला आलेले पाहुणे त्याच्याकडे जेवायला बसले: रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज, प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि त्याच्याबरोबर बिस्मार्क. इतिहासात हे जेवण 'तीन सम्राटांचे जेवण' म्हणून नोंदले गेले आहे, पण त्या रात्री टेबलावर सम्राट एकच होता. युवराजाला झारपद १८८१ साली मिळाले आणि विल्हेल्मच्या सम्राटपदाचे पुढे सांगतो.

त्या रात्री सोळा प्रकारचे पदार्थ आणि आठ मद्ये आठ तासांत वाढली गेली. दोन तऱ्हेची सारे, मग मासळी, मग मेंढ्याच्या पाठीचे मांस, पोर्तुगीज पद्धतीची कोंबडी, लावा पक्ष्यांचे गरम सारण भरलेले पक्वान्न, शेवंडी, मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी मद्यातले बर्फ, मग बदक, मग ऑर्टोलान नावाचे इवलेसे पक्षी, आणि त्यानंतर, आपल्या घरची आठवण यावी असे, स्पॅनिश पद्धतीचे वांगे. मद्यांच्या यादीत 'हिंदुस्थानातून परतलेली' म्हणून १८१० ची मदेराही होती. या मद्याची पिंपे जहाजाच्या तळाशी घालून उष्ण समुद्रातून हिंदुस्थानापर्यंत नेऊन परत आणीत, कारण उकाडा आणि हेलकावे यांनी ते पिकते असा अनुभव होता. एवढ्या प्रवासाचे भाडे अर्थातच पिणाराच्या अंगावर पडे. माणशी खर्च चारशे फ्रँक आला.

या चारशे फ्रँकांचे मोल समजण्यासाठी पुढल्या चार वर्षांकडे पाहावे लागते. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला. त्या हिवाळ्यात शहराने घोडे खाल्ले, मग मांजरे आणि उंदीर. प्राणिसंग्रहालयातले कास्तोर व पोल्युक्स हे दोन हत्तीही खाटकाकडे गेले, आणि व्हुआझँ या उपाहारगृहाने वेढ्याच्या नव्व्याण्णवाव्या दिवशी, नाताळात, हत्तीच्या सारासकट रीतसर खाद्यपत्रिका छापली. शहर असे उपाशी असतानाच १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात विल्हेल्मने जर्मन सम्राटपद धारण केले. द्युग्लेरेच्या टेबलावर पाहुणचार घेतलेल्या राजाने तो असा फेडला.

मग मार्चमध्ये कम्यून, म्हणजे पॅरिसच्या बंडखोरांचे स्वतंत्र सरकार, आले. त्याने आपल्या अधिकाऱ्यांचा वार्षिक पगार सहा हजार फ्रँकांपेक्षा अधिक नसावा असा हुकूम काढला, आणि पाव भाजणाऱ्या कामगारांची रात्रपाळी बंद केली, जो मला त्या बहात्तर दिवसांच्या कारभारातला सर्वांत माणुसकीचा हुकूम वाटतो. राष्ट्ररक्षक दलातील शिपायाचा रोजमुरा होता तीस सू, म्हणजे दीड फ्रँक. बाबेतचे दहा हजार फ्रँक हा अशा शिपायाचा अठरा वर्षांहून अधिक काळाचा रोजमुरा होतो. आणि बारांत वाटले तर माणशी आठशेहून जास्त पडतात, म्हणजे सम्राटांच्या पंगतीच्या दुप्पट. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सरकारी फौजांनी कम्यून चिरडले आणि हजारो माणसे भिंतींशी उभी करून मारली. यात सर्वांत कुप्रसिद्ध झाला तो सेनापती गालिफे. कैद्यांच्या रांगा समोरून जाताना तो पांढऱ्या केसांची माणसे वेगळी काढवी, कारण ती १८४८ च्या उठावातही असणारच, असा त्याचा तर्क.

बाबेतचा नवरा आणि मुलगा याच गालिफेच्या हातून मेले, असे कथेत आहे. आणि पंगतीला योगायोगाने आलेला स्वीडिश सेनापती जेवता जेवता सांगतो की पूर्वी कॅफे आंग्लेत ज्या यजमानाने मला असले जेवण घातले आणि तेथल्या आचारी स्त्रीची मुक्तकंठाने स्तुती केली, तो गालिफे. म्हणजे जी गालिफेला जेवू घालीत होती तिचेच घर त्याने बुडवले. सेनापतीला हे कळत नाही, बहिणींना नंतर अर्धवट कळते, आणि बाबेत मूळ कथेत जे सांगते त्याने ऐकणारा चरकतो: गालिफेसारखी ती माणसे दुष्ट होती, पण आपण कलावंत म्हणून कोण आहोत हे ओळखण्याची शिकवण त्यांनाच मिळालेली होती, म्हणून ती आपली होती. ज्या गरिबांसाठी ती बंदुका भरीत उभी राहिली त्यांना तिची कला चाखणे कधीच परवडणार नव्हते. ही गाठ कथा सोडवीत नाही, आणि न सोडवण्यात तिचे मोठेपण आहे.

इतिहासाच्या कसोटीला एक गोष्ट मात्र उतरत नाही. त्या काळच्या पॅरिसमधील बड्या उपाहारगृहांचे मुदपाकखाने केवळ पुरुषांचे होते. बाई मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकीण असे, फार तर प्रांतात स्वतःची छोटी खानावळ चालवी. लियाँच्या यूजेनी ब्राझिए या बाईला मिशलँचे तीन तारे मिळाले ते १९३३ साली. द्युग्लेरेच्या जागी स्त्री बसवणे ही शुद्ध कल्पना, आणि ती मूळ कथेची लेखिका कारेन ब्लिक्सेन हिने जाणूनबुजून केलेली. तिचे वडील व्हिल्हेल्म दिनेसेन १८६४ च्या युद्धात लढले, नंतर फ्रेंच सैन्यात शिरले, आणि कम्यूनचे दिवस त्यांनी पॅरिसमध्ये डोळ्यांनी पाहून त्यावर पुस्तक लिहिले. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी आत्महत्या केली. आईचे माहेर वेस्टेनहोल्झांचे: श्रीमंत व्यापारी, युनिटेरियन पंथाचे, नीतिमान, काटकसरी, कर्तव्यदक्ष. वडिलांकडची चैन आणि आईकडचा संयम यांचे भांडण तिने जन्मभर अंगात वागवले, आणि पासष्टीच्या आसपास ते एका टेबलावर आणून बसवले.

ते टेबल आता पाहू. पाहुण्यांनी आदल्या दिवशी ठराव केलेला असतो की जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, कारण जिवंत कासवाची पेटी, पिंजऱ्यातले पक्षी आणि बाटल्यांच्या पेट्या होडीतून उतरताना पाहून मार्टीनला हा सैतानाचा खेळ वाटून भयंकर स्वप्न पडलेले असते. कासवाच्या सारापाठोपाठ माशाची काळी अंडी घातलेले छोटे घावन येतात आणि त्यांच्याबरोबर १८६० ची व्हव क्लिको ही शँपेन. एक म्हातारी तिला लिंबूपाण्याचा काहीतरी प्रकार समजते. मग येतात लावा पक्षी, पोटात हंसाचे काळीज आणि ट्रफल भरून खुसखुशीत पिठाच्या पेटीत निजवलेले. सेनापती पक्ष्याचे डोके उचलून सरळ चोखतो, आणि त्याचे पाहून बाकीची मंडळी न बोलता तसेच करतात. एक बाई मध्येच पाण्याचा घोट घेते, तोंड वाकडे करते आणि पुन्हा मद्याच्या पेल्याकडे वळते. वर्षानुवर्षांची जुनी भांडणे, कुणी कुणाला लाकडाच्या सौद्यात फसवले त्याची, कुणाच्या तारुण्यातल्या चोरट्या प्रेमाची, तेथेच टेबलावर निघतात आणि मिटतात. आणि ठराव कुणी मोडत नाही: जेवणाची स्तुती एकटा सेनापती करतो, कारण ठराव त्याला ठाऊक नाही, आणि त्याला उत्तर म्हणून मंडळी हवापाण्याचे आणि गुरुजींच्या आठवणींचे बोलतात. मला यात त्यांचा हास्यास्पद हट्ट दिसत नाही. त्यांनी शब्द दिला होता, आणि अशा जेवणासमोर शब्द पाळणे हे मासळी उकडून खाण्यापेक्षा अवघड व्रत आहे.

ही कथा जन्मली पैशाच्या गरजेतून. केनियातला कॉफीचा मळा बुडून मायदेशी परतलेल्या ब्लिक्सेनला अमेरिकन मासिकांत लिहायचे होते, आणि एका इंग्रज मित्राने सल्ला दिला की अमेरिकनांना खाण्याचे वेड आहे, खाण्यावर लिही. कथा १९५० साली 'लेडीज होम जर्नल' या गृहिणींच्या मासिकात आली. ब्लिक्सेनला विषय परका नव्हता. मळ्यावर असताना तिने युरोपच्या एका फेरीत फ्रेंच आचाऱ्याकडे धडे घेतले होते आणि ते कामांते नावाच्या किकुयू मुलाला इतके उत्तम शिकवले होते की १९२८ साली इंग्लंडच्या युवराजाला त्याच्या हातचे जेवण घालण्यात तिला काही संकोच वाटला नाही. पण कथा लिहिली त्या सुमारास तिचे पोट आजारांनी आणि शस्त्रक्रियांनी निकामी होत आले होते. १९५९ साली ती अमेरिकेला गेली तेव्हा कालवे, द्राक्षे आणि शँपेन यांखेरीज ती फारसे काही घेत नसे, आणि १९६२ साली मरण पावली ती शरीर अन्न घेईनासे झाल्यामुळे.

तिने कथा नॉर्वेच्या अगदी उत्तरेला बेर्लेव्हागला घडवली होती. आक्सेलने ते रंगीबेरंगी गाव पाहिले, ते त्याला प्रवासी कंपनीच्या जाहिरातीसारखे वाटले, आणि तो जटलंडला परतून व्हिग्सोच्या उघड्या किनाऱ्यावर आला. बाबेतची भूमिका स्तेफान ओद्राँ या फ्रेंच अभिनेत्रीने केली. पडद्यावरचे पदार्थ कोपनहेगनमधल्या एका उपाहारगृहाच्या आचाऱ्याने शिजवले, आणि ते खरोखरच खाण्याजोगे होते. चित्रपट न्यूयॉर्कला लागला तेव्हा तिकडल्या काही उपाहारगृहांनी तीच पत्रिका पहिल्या मद्यापासून शेवटच्या कॉफीपर्यंत जशीच्या तशी मांडून माणशी भाव लावला, आणि गिऱ्हाईक आगाऊ जागा राखून येऊ लागले. कॅफे आंग्ले स्वतः १९१३ साली बंद पडले होते. त्याचे तळघरातले मद्य लग्नसंबंधाने 'तूर दार्जाँ' या उपाहारगृहाकडे गेले आणि तीन सम्राटांचे टेबलही तेथेच पाहायला मिळते. बाबेतच्या पत्रिकेतला एकच पदार्थ आता सहसा कुणाला मूळ रूपात वाढता येत नाही, तो म्हणजे पहिलाच: समुद्री कासवांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाला आहे, त्यामुळे हौशी आचारी हल्ली वासराच्या डोक्याचे सार करून वेळ मारून नेतात.